नऊशे फुटांवरची मोटर

नांदेड, २ मे २०२५

चि. रुद्रेश यास शिवकांता आत्याचे अनेक आशीर्वाद.

घागरींच्या रांगेत वाढलेल्या माझ्या लातूरकरा, आपल्या सगळ्यांचा राग एकच होता ना? पाणी ओढणारा निराळा आणि रांगेत उभी राहणारी निराळी! आणि आता तुझी निमंत्रणपत्रिका आली. तुझ्या तेल कारखान्याने सामाजिक जबाबदारी म्हणून शेजारच्या गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं, उद्घाटनाचं भाषण मी करायचं. अरे, शुद्ध करायला पाणी कुठाय? तू नऊशे फुटांचा बोअर घेतलास त्याच उन्हाळ्यात तिथला हापसा कोरडा पडला. हापशासमोर राहणारी माझी मैत्रीण रत्नम्मा तीन वर्षं हेच सांगतेय. योगायोग म्हणतोस? मग आठ दिवस मोटर बंद ठेव. भाषणाचं नंतर बघू.

तुझ्या मंजुश्रीला सांग, तिच्या नवऱ्याला जरा झोंबेल. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी आत्या


लातूर, १४ मे

ती. आत्यास रुद्रेशचे शरणार्थ. वि. वि.

तुझा आवाज कागदावरही माईकशिवाय पोचतो! तुला खोटं पाडायचं म्हणूनच मोटर बंद केली. कारखाना साफसफाईसाठी बंदच होता. सहाव्या दिवशी रत्नम्मामावशीने निरोप धाडला. मी गावात जाऊन हापशाचा दांडा मारू लागलो. आधी नुसता खडखडाट. मग दांडा जड झाला, आत खोल काहीतरी हुंकारलं आणि गढूळ धार आली. हळूहळू नितळ झाली. मावशीने ओंजळ डोळ्यांना लावली आणि मला म्हणाली, की लई दिसांनी आलंय, तूबी पी बाबा. मी प्यालो. जमिनीखाली त्यांचं आणि माझं पाणी एकच होतं, आत्या. अंगावर काटा अजून आहे.

२६ तारखेला कारखाना सुरू होतोय. वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय दोन महिन्यांत होईल. तोवर बोअरशिवाय, नळाच्या पाण्यावर कारखाना निम्माच चालेल. भागीदार म्हणतात, यंत्र दिलंय ना, बास, मोटर चालू कर. मी काय करू?

तुझ्या रागावरही हक्क सांगणारा,
रुद्रेश


नांदेड, १७ मे

चि. रुद्रेशला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी, चाळीस वर्षं सभा गाजवलेल्या बाईने, दोनदा वाचलं. मला जे कधी सांगता आलं नाही, ते त्या धारेने तुला सांगितलं. भागीदारांशी वाद घालू नकोस. त्यांना हापशावर ने आणि दांडा हातात दे. निम्मा चालेल तर निम्मा चालू दे. पण बंद मोटर कुणीही परत चालू करतो, रे. म्हणून सव्वीस तारखेच्या आत ती नऊशे फुटांवरून वर काढ.

तुझी आत्या