हातचा ठोका

२ ऑगस्ट
देवळात आरतीचं मशीन बसवलं. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा एकदम सुरू, मोटारीवर. मंडळी खूश. आता नगाऱ्याला कुणाची पाळी लावायला नको, कुणाची वाट बघायला नको. भैरवनाथ खूश झाल्यासारखा मला तरी दिसला नाही. घरी आलो तरी कानात तेच. ठक ठक ठक ठक, शिलाई मशीन चालावं तसं.

५ ऑगस्ट
साखर कारखाना बंद, ऑफ सीझन. रस आटवायच्या पॅनच्या नळ्या घासायचं काम. जेवणाच्या सुट्टीत स्वीडनच्या त्या डेथ मेटलवाल्या मंडळींचा नवा अल्बम ऐकला. आयटीआयला असताना पुण्यात यांची पहिली कॅसेट घेतली होती. तेव्हा वाटलं होतं, कुणी उकळत्या पॅनचं झाकणच उघडलंय. आता सगळं घासूनपुसून. गाणारा अजून मढी उकरतोय, पण हातमोजे घालून. फेकून द्यावा असा अल्बम. फोनवर असतो, फेकताही येत नाही.
वसंता फिटर म्हणाला, "तात्या, नाथाचं एवढं करता आन् कानात ह्ये केकाटणं?" नाथ काही पेढ्यासारखा गोड देव नाही. त्याला सांगत बसलो नाही.

१४ ऑगस्ट
आमच्या लेकीच्या, ऋतूच्या बँडचा पहिला अल्बम आला. पुण्यात नोकरी करून पोरगी ड्रम वाजवते. बँडचं नाव 'मळी'. तिनंच ठेवलं. लहानपणी वारा फिरला की कारखान्यावरून मळीचा वास थेट घरात यायचा.
पाच गाणी. गिटारी जड, चिकट, नावाला शोभतील अशा. पण ड्रम...
उद्या परत ऐकतो.

१५ ऑगस्ट
परत ऐकलं. ड्रम तिचे नाहीत.
आमचे जुने गुरव सोपानकाका पायानं अधू. ताट ओवाळत ते देवासमोर येईपर्यंत तिसरा ठोका जरा धरून ठेवायचा, ही देवळातली रीत. माझी ड्युटी असली की नगाऱ्याची पाळी ऋतू करायची. लहान पोर. पोरीनं नगारा वाजवायचा का, म्हणून कुरकूर झाली. सोपानकाकाच म्हणाले, वाजवू द्या, ही एकटीच माझ्यासाठी थांबती. तो थांबणारा हात पुढं ड्रमवरही तसाच राहिला. मी तो कुठंही ओळखीन. अल्बमवर तो नाही.

१६ ऑगस्ट
तिचा फोन. "आप्पा, कसं वाटलं?"
म्हणालो, "देवळात नवं मशीन बसवलंय. तुझ्या अल्बमवर तेच वाजतंय."
ती म्हणाली, वाजवलंय मीच, नंतर कॉम्प्युटरवर ठोके एका मापात सरळ केलेत, आता सगळेच करतात. मी म्हणालो, मग तुझी गरज काय होती.
"तुम्हाला कधी काही आवडलंय का? आणि मशीनला थांबायलाही शिकवता येतं, आप्पा." फोन ठेवला.
ऋतूची आई मंगल म्हणाली, परक्यांच्या गाण्यांना नावं ठेवत होता तोवर ठीक होतं.

१४ सप्टेंबर
बारामतीत 'मळी'चा शो. पितृपक्षात लग्नं नाहीत म्हणून मंगल कार्यालय स्वस्तात मिळालं. नवरा-नवरीच्या खुर्च्या स्टेजमागं तशाच, वर चादर टाकलेली. पहिला बँड कॉलेजच्या पोरांचा. गाणारा सकाळी मोरीवर घसा साफ करावा तसा. ऐकणारे त्याहून भारी, डोकी कमी हलवत होते आणि फोन जास्त धरून होते.
साउंड भवानीनगरच्या बशीरभाईचा. जुना दोस्त. मी त्याच्याशेजारी मिक्सरपाशी. लग्नं, उरूस, जयंत्या करण्यात त्याचा जन्म गेला. आवाज फाटू द्यायचा नाही, एवढंच तो जाणतो. 'मळी'ची गिटार सुरू झाली आणि त्याचा हात हळूच खाली आला.
"तात्या, फाटतंय ह्ये. पोरांची वायर खराब हाय."
दोन्ही गिटारी जवळजवळ बंद. ड्रमचे माइक मात्र वर, ढोलाला लावतो तसे. त्याला सांगायला पाहिजे होतं की फाटलेलाच आवाज हवा असतो. तोंड उघडलं, तेवढ्यात ऐकू आला. तिसरा ठोका, धरून ठेवलेला. मी गप्प बसलो. गाणं संपेपर्यंत गप्प.
मग गिटारवाला पोरगा स्टेजवरून उतरून भांडायला आला. उरलेला शो कसाबसा झाला. बाहेर गाडीपाशी ऋतू म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना त्यांना?"
"मी नाही सांगितलं."
"मग थांबवलं का नाही?"
म्हटलं, घरी चल. आई वाट बघतेय.
घरी न येता पोरांबरोबर पुण्याला गेली. बशीरभाई वायरी गुंडाळत म्हणाला, "पोरगी लई झ्याक वाजवती की. मंग चिडली कशापायी?"

२१ सप्टेंबर
माझा फोन उचलत नाही. आईशी बोलते.
अमेरिकेतल्या एका बँडचा नवा अल्बम ऐकला. शिव्या घालाव्यात इतकाही चांगला नाही.

२ ऑक्टोबर
दसरा. आरतीच्या वेळेलाच लाईट गेली. मशीन मुकं. बरं वाटलं. देवासमोर असं वाटायला नको होतं.
कोपऱ्यातला नगारा ओढला, धूळ झटकली. म्हटलं, आज कळू दे सगळ्यांना. तिसरा ठोका धरायला गेलो, धरला जाईना. नवा गुरव तरणा, ताट गरागरा फिरवतो. पण त्याचा दोष नाही. माझाच हात सरळ पडत होता. ठक ठक ठक. नेहमी तसाच पडत आला असणार.
ही एकटीच थांबती, असं सोपानकाका म्हणाले होते. मी ते पोरीचं कौतुक समजलो. आम्हा बाकीच्यांबद्दल तक्रार होती ती.

९ ऑक्टोबर
तिचा मेसेज. 'मळी'चं नवं गाणं, अजून बाहेर न काढलेलं. खाली लिहिलंय, "यातले ड्रम हाताचे की मशीनचे, सांगा. ओळखलंत तर दिवाळीला येते. नाही ओळखलं तर परत कुणाला मशीन म्हणायचं नाही."
आज ऐकलं नाही. आधी देवळात जाऊन आलो.

१२ ऑक्टोबर
ऐकलं. परत ऐकलं. कारखान्यात बॉयलर पेटलाय. त्या घरघरीत ऐकलं, घरी दार लावून ऐकलं. गिटारी फाटक्या, बशीरभाईला घाम फुटेल अशा. गाणं चांगलं आहे. हे मी याआधी कुठल्या गाण्याबद्दल लिहिलं, आठवत नाही.
मंगल म्हणते, "काय सांगायचं त्ये सांगा आन् पोरीला घरी आणा." तिला वाटतं मी हट्टानं गप्प आहे.

१४ ऑक्टोबर
मेसेज दोनदा लिहून पुसला. एकदा 'हात', एकदा 'मशीन'.
तिसऱ्या ठोक्याला थांबतं. अगदी सोपानकाकांसाठी थांबावं तसं. पण मशीनला थांबायलाही शिकवता येतं, हे तिनंच सांगितलंय. आणि शिकवायचं म्हटलं, तर ते शिकवणारी ती एकटीच. म्हणजे हात असो की मशीन, थांबते तीच.