ठशाखालचा तडा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा जुन्या हत्यारांच्या पोलादातून सुऱ्या घडवण्याचा, गल्लीत सगळे मला कानसकाका म्हणतात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना त्यांच्या कातरीचे पोलाद कुठले ते विचारले, ते त्यांना सांगता आले नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. गोड तर मला चहासुद्धा मिळत नाही. हात कापतो म्हणून अक्षर वाकडे आहे, ते मजकुराच्या विरुद्ध धरू नये. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा कायद्याचे शब्द चुकले तर वकीलबाईंनी सांभाळून घ्यावे.

आता फार थकलो आहे. घण उचलायचे सोडून दोन वर्षे झाली, हल्ली कानसही जड वाटते. म्हणून हे एकदाचे उरकतो.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या पश्चात माझ्या बायकोचे. ती हयात असेतो तिला तिथून कोणी हलवू नये, भिंतीला कोणता रंग द्यावा हेही सांगू नये. तिच्यामागे ते मुलीचे. ओव्हनबद्दल वेगळे लिहितो. ओव्हन बायकोचाच आहे, तिच्या पहिल्या पगारातून घेतलेला. त्यात मी तीस वर्षे सुऱ्या भाजल्या. 'माझ्या केकला लोखंडाचा वास येतो,' असे ती पहिल्या वर्षी म्हणाली. दुसऱ्या वर्षापासून तिने केक करणेच सोडले. त्याची माफी मागायची राहून गेली, ती इथे मागतो.

कलम दोन. बँकेत जे असेल ते बायकोचे. भांडण्याइतके त्यात काही नाही.

कलम तीन. मागचे पत्र्याचे शेड आणि त्यातले सर्व सामान: रुळाच्या तुकड्याची ऐरण, भट्टी, भाता, दोन ग्राइंडर, सांडश्या, हातोडे आणि कोपऱ्यातला ढीग. ढिगात ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे आहेत, बोथट झालेल्या कानशी आहेत, सुतारांनी टाकलेल्या करवती आहेत, लोकर कातरायची एक मोठी कातर आहे. पाहुणे त्याला भंगार म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नये, माझे अर्धे आयुष्य त्यात गेले. यातला अर्धा वाटा मुलीचा आणि अर्धा माझ्या धाकट्या भावाचा. भावाचा का, ते कलम पाचमध्ये येईल.

मुलीसाठी सूचना. पोरी, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे तुला तोंडावर कधी बोललो नाही, कारण मग तू पाण्याचा डबाही भरला नसतास. कुठलेही जुने हत्यार आले की आधी ग्राइंडरला टेकवून ठिणगी बघ. ठिणगी फुलासारखी फुटली तर पोलाद धारेचे. लांब रेघ मारून विझली तर कुंपणवाल्याला देऊन टाक. मुलामा चढवलेले काहीही भट्टीत घालू नकोस, त्याचा धूर छातीत बसतो. पटत नसेल तर माझ्या छातीला कान लावून बघ. कानस आधी तापवून राखेत सावकाश गार होऊ दे. ती मऊ पडली की आकार, मग मुठीची भोके, मग आपल्या शेडचा ठसा. त्यानंतर पाणी आणि सगळ्यात शेवटी, ठिसूळपणा घालवायला, ओव्हन. ठसा पाण्याच्या आधी. ठसा विसरलीस तर विसरलीस, ती सुरी तशीच जाऊ दे.

कलम चार. शेजारच्या वेल्डरने पाते घट्ट धरून ठेवायचा माझा मोठा वाईस 'दोन दिवसांसाठी' नेला, त्याला अकरा वर्षे झाली. दर सणासुदीला भेटलो की तो म्हणतो, "काका, तुमचा वाईस आणून द्यायचाय बरं का." मी आता ऐकून ऐकून कंटाळलो. तो वाईस मी त्याला या मृत्युपत्राने देत आहे. निदान त्याला ते वाक्य पुन्हा बोलावे लागणार नाही.

कलम पाच. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

सव्वीस वर्षांपूर्वीपर्यंत शेडमध्ये आम्ही दोघे भाऊ काम करत होतो. मी आकार द्यायचो, धार लावायचो, ठसा मारायचो. धाकटा पाणी द्यायचा. पाणी देणे म्हणजे तापून लाल झालेले पाते नेमक्या क्षणी बुडवून कडक करणे. बुडवतात तेलात, पण आमच्यात म्हणतात पाणीच. तेल कोमट लागते, गार असले तर पाते तडकते. हे काम डोळ्याचे आहे. धाकट्याचा डोळा असा होता, की दुसऱ्या गावचे लोक सुरी हातात घेऊन विचारायचे, "पाणी धाकट्याचंच ना?" मला ते आवडत नसे. हेही लिहून ठेवतो.

एकदा बारा सुऱ्यांचे काम होते. सगळ्यांना पाणी देऊन धाकटा जेवायला घरी गेला. मी एकेक सुरी हातात घेऊन पाहत होतो, तर बारावीवर ठसाच नव्हता. मी मारायचा विसरलो होतो. पाणी दिलेले आणि अजून ओव्हनमध्ये न गेलेले पाते काचेसारखे असते, त्यावर ठसा मारायचा नसतो. हे मला आजच्याइतकेच तेव्हाही माहीत होते. पण माझ्या शेडमधून बिनठशाची सुरी बाहेर कशी जाईल? शिवाय ठसा नसता तर ती नुसती त्याच्या पाण्याची सुरी झाली असती. मी ऐरणीवर ठेवून दोन घाव घातले. ठसा अर्धवटच उमटला. दुसऱ्या घावाला बारीक 'टिक्' असा आवाज आला. मी तो ऐकला आणि पाते ओव्हनमध्ये ठेवले.

ती सुरी चौकातल्या खाटकाकडे गेली. तिसऱ्या आठवड्यात हाड सोडवताना ती मुठीजवळ मोडली आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटे आजही वळत नाहीत. मोडलेले पाते त्याच्या भावाने माझ्याकडे आणून टाकले. मी तुटलेली कड उजेडात धरली. सगळी कड ताजी, करडी होती, फक्त ठशाच्या बरोबर खाली नखाएवढा भाग वाळल्या गवताच्या रंगाचा होता. तो रंग ओव्हनमध्ये चढतो. म्हणजे तडा ओव्हनच्या आधीचा होता, आणि माझ्या ठशातून निघालेला होता.

लोक म्हणाले, पाणी चुकले. मी गप्प राहिलो. धाकट्याने तुकडा मागितला, तेव्हा फेकून दिला म्हणालो. मग कोणी त्याच्या पाण्याची सुरी घेईना. सहा महिन्यांनी तो धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर नोकरीला लागला. त्यानंतर जेव्हा जेव्हा तो घरी आला, तेव्हा निघताना दारात थांबून एकच विचारायचा, "दादा, त्या दिवशी तेल गार होतं का रे?"

आणि मी म्हणायचो, "असेल."

तेल गार नव्हते. त्याचे पाणी चुकले नव्हते. चूक माझी होती, आणि तो 'असेल' त्या चुकीहून मोठा. मोडलेला तुकडा रिव्हेटच्या डब्यात तळाशी आहे, तो त्याला द्यावा.

कलम सहा. खाटकासाठी मी मोठ्या कानशीची एक सुरी केली आहे. तो गेली सव्वीस वर्षे डाव्या हाताने कापतो, म्हणून तिची धार डाव्या हाताच्या बाजूने काढली आहे. ती त्याला द्यावी. तिच्यावर ठसा नाही.

इथवर लिहून मी कागद मुलीकडे स्वच्छ प्रत करायला दिले. पुढचे त्यानंतर लिहीत आहे, कारण गोष्टी माझ्या हातात राहिल्या नाहीत.

तिने पाचवे कलम वाचले आणि पेन खाली ठेवले. "बाबा, हे काकांना कळणार कधी?"

"मृत्युपत्र वाचतात तेव्हा. मी गेल्यावर."

"म्हणजे काकांनी भांडायचं कुणाशी? फोटोशी?"

मी म्हणालो, मला आता भांडण झेपत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला झेपत नाही म्हणून त्यांनी अजून तेलाचाच विचार करत बसायचं?" आणि कागद घेऊन चपला घालून गेली. या बाबतीत ती तिच्या आईवर गेली आहे.

धाकटा दुपारी आला. बसला नाही. स्वयंपाकघरात उभ्यानेच त्याने पाचवे कलम ओळीखाली बोट धरून वाचले. एकदा मनात, मग मोठ्याने, माझ्याकडे बघत.

"तेल गार नव्हतं?"

"नव्हतं."

"मी बोट घालून बघितलं होतं, दादा."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणतो!" तो बायकोकडे वळला. "ऐकलंत ना वहिनी? माहीत आहे म्हणतो! सव्वीस वर्षं पोती मोजतोय मी. झोपेत तेल तापवतोय. तेव्हाच बोलला असतास तर काय झालं असतं? दोन थोबाडीत खाल्ल्या असत्यास. संपलं असतं!"

बायकोला यातले काही ठाऊक नव्हते. ती मला म्हणाली, "तरीच. भावजी दारात थांबले की तुम्ही नेहमी उठून पाणी प्यायला जायचा." मग तिने धाकट्यापुढे खुर्ची सरकवली, माझ्यापुढे नाही.

मुलीने रिव्हेटचा डबा आणून टेबलावर उपडा केला. धाकटा तुकडा घेऊन खिडकीशी गेला. बराच वेळ तो उजेडात फिरवत राहिला. मग जणू मला यातले काही कळतच नाही अशा आवाजात म्हणाला, "हे बघ. तडा इथून, ठशातून निघालाय. पाण्यात गेला असता तर धारेकडून गेला असता. बाकीच्या पोलादाचा दाणा बघ किती बारीक आहे, रेशमासारखा." मग मुलीला हाक मारली, "ये गं इकडे. बघून ठेव. चांगलं पाणी आतून असं दिसतं."

त्यानंतर मला म्हणाला, "ऊठ. खाटकाकडे."

"आत्ता? अरे, माझे गुडघे..."

"मग काय मेल्यावर चालणारेस?"

चौकापर्यंत जायला मला अर्धा तास लागला. तो माझ्यापुढे चालत होता, पण दर दिव्याच्या खांबाशी थांबत होता. खाटकाने सगळे ऐकून घेतले, फडक्याला हात पुसले आणि धाकट्याला म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला शिव्या घातल्या." मग माझ्याकडे बघून, "आणि आता तुम्हाला घालाव्यात तर तुमचं वय आडवं येतंय, काका." मी सुरी पुढे केली. ती त्याने घेतली नाही. म्हणाला, "कागदात लिहिलीय ना? मग कागदातच राहू दे. मला घाई नाही." दुकानात चार गिऱ्हाईके होती, सगळ्यांनी ऐकले. घरी येऊन मी सरळ आडवा झालो.

आज वकीलबाई आल्या. साक्षीदार म्हणून मी डॉक्टर आणि वेल्डर यांना बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, नाहीतर त्याचे देणे रद्द होते. वेल्डर लगेच म्हणाला, "मग मला वाईसच राहू द्या," आणि निघून गेला.

धाकटा म्हणाला, "मी होतो साक्षीदार."

"तुम्हाला अर्धं शेड आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"खोडा."

मी म्हणालो, "अरे, ते तुझ्या हक्काचं आहे."

"माझ्या हक्काचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ते काही शेड नव्हतं." तो पुढे म्हणाला, "पाचव्या कलमाच्या कागदावर माझी सही पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्याला शेवटी शेवटी भ्रम झाला होता."

मी बराच वाद घातला. मग दम लागला आणि थांबलो. 'मला माफ केलंस का?' असे विचारायचे मनात होते. विचारले नाही. सव्वीस वर्षे तो मला विचारत होता, आता लगेच मी त्याला काही विचारू नये.

म्हणून कलम तीनमधला भावाचा वाटा त्याच्या सांगण्यावरून रद्द केला आहे. कलम पाचमधला तुकडा त्याला हातीच दिला आहे. संपूर्ण शेड आणि त्यातले सामान मुलीचे. बाकी सर्व वर लिहिल्याप्रमाणे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करण्याची ताकद नाही. हे मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून, समजून, टेबलाला हात टेकवून सही केले.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरात.
दिनांक: बारा मार्च, रविवार, सकाळी.

सही: कानसकाका

साक्षीदार एक: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. सही करणार पूर्ण शुद्धीवर होते. (सही)

साक्षीदार दोन: सही करणाराचा धाकटा भाऊ, वय एकाहत्तर. कलम पाच वाचले, ते खरे आहे. तुकडा पाहिला. धंदा: सुऱ्यांना पाणी देणे. (सही)