नव्या जिल्ह्याचं बारसं

निलंगा, ८ सप्टेंबर १९८२

चि. सौ. शिवकांतास मल्लिकार्जुनाचे अ. उ. आ.

पोळा सरला तरी आडात घागर बुडेना. टँकर पेठेतून परत फिरतो, आमच्या गल्लीकडं ढुंकत न्हाई. आता लातूर नवा जिल्हा झालाय, म्हणून गल्लीतल्या बायका मंगळवारी रिकाम्या घागरी घेऊन तिथल्या नव्या कचेरीवर निघाल्यात. पुढारी धुरपताबाई. पाणी आलं न्हाई तर तिला घर सोडून लेकीच्या दारी जावं लागेल.

तिनं माझ्याकडं गाणं मागितलं. मला शाळेतला कवितेचा तासच आठवला गं! सरळ शार्दूलविक्रीडितात श्लोक रचले. काल तालीम झाली. पहिल्याच चरणात नीलाबाईचा दम संपला, पावलं एकमेकांत अडकली. धुरपताबाई म्हणाली, मास्तर, हे गाणं हाय का दमा?

काहीतरी सुचव. वडीलकीचा मान नको, थट्टा चालेल.

तुझा अण्णा

हिमायतनगर, ११ सप्टेंबर

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसता हसता भाकरी करपली. अण्णा, श्लोक म्हणत कुणी मोर्चा नेतं का?

रझाकारीतलं विसरलात? सभेला बंदी, म्हणून आपल्या आईनं बारसं काढलं. घरात बाळच नव्हतं! कुंची घालून वरवंटा पाळण्यात निजवला अन् बायका पाळण्याच्या चालीवर स्वातंत्र्य गायल्या. दारातला शिपाई डुलत होता; जाताना घुगऱ्याही मागून नेल्या.

तुमचा जिल्हाही तान्हाच की. घाला पाळण्यात!

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपली शिवकांता

निलंगा, १६ सप्टेंबर

चि. सौ. शिवकांतास अ. उ. आ.

अगं, काय सांगू! बायकांनी एसटीच्या टपावर पाळणा चढवला. कचेरीच्या आवारात त्यात रिकामी घागर निजवली अन् जो जो सुरू केलं. कारकून टाळ्यांचा ठेका धरू लागले. कलेक्टर साहेब बाहेर आले तशी धुरपताबाई आत्या झाली. त्यांच्या कानात कुर्र करून म्हणाली, नाव ठिवलं सायेब, पर लेकराला न्हाऊ कशानं घालू? रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले; गर्दीत एक साहेबांनाही बसला! ते इतके हसले की डोळे पुसतच हुकूम लिहिला.

काल टँकर गल्लीत आला. बायकांनी गाणं म्हणावं म्हणून मी हात वर केला, तर धुरपताबाईनं मला दटावलं. म्हणाली, गप बसा मास्तर, घागर भरतीय, ऐकू द्या.

सगळी गल्ली ऐकत उभी होती.

आनंद आवरेना म्हणून एवढंच. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझा अण्णा