कागदावरचा भाऊ

ता. ९ फेब्रुवारी १९०३, सोम.
सकाळी झांजिबार दिसलं. पांढरी घरं. वारा तिकडून आला की लवंगेचा वास. गलबताच्या नाखुद्याने डोलकाठीवर पिवळं निशाण चढवलं. डॉक्टर पाहून जाईस्तोवर कोणी उतरायचं नाही. आमच्यापुढे दोन गलबतं उभी.
नथू असता तर एव्हाना पाण्यात उडी मारून मोकळा झाला असता. गुरुवारी गेला. तीन दिवस ताप, बस. दगड बांधून समुद्रात सोडला. रडू आलं नाही. अजून नाही. दुपारी उडणारे मासे मोजत बसलो, सतरापर्यंत.

ता. १०
डॉक्टर आला, गोरा. सोबत कारकून, गोव्याकडचा, हिंदी बोलतो. ओळीत उभं करून जीभ, काखा, जांघा पाहिल्या. कागदावर तेवीस, उभे बावीस. नाखुदा म्हणाला, "एक चढा ही नहीं साहब, मांडवी में रह गया."
कारकुनाने माझ्या शेजारची दुसरी वळकटी पायाने हलवली. "ये किसका?"
"नथू का."
"किधर है?"
"मर गया."
ठरवून नाही बोललो. निघालं तोंडातून. आता दहा दिवस क्वारंटीन, सगळ्यांना, गलबतातच. नाखुदा थुंकला. "तेरी एक जबान ने पूरा जहाज बांध दिया, बुरहानपुरी!"

ता. १२
कोणी बोलत नाही. एक कच्छी म्हातारा न बोलता खजूर देतो.
नथूची वळकटी जाळली त्यांनी. जरीची तार गुंडाळायची त्याची फिरकी आधीच काढून खिशात ठेवली होती. त्याच्या आईची. का काढली, मालूम नाही. किनाऱ्यावर एक उंट गोल गोल फिरून तेल काढतो. डोळे बांधलेले. तासभर तेच पाहिलं.

ता. १३
खरं काय ते लिहून ठेवतो. नथू माझा भाऊ नाही. बुरहानपुरात, शनवाऱ्यात गल्ली एक, एवढंच. इथे उतरायला जामीन लागतो. बाबा ज्या बोहरा पेढीवर मुनीम, तिचं इथेही दुकान आहे. तिथल्या सेठची चिठ्ठी होती, पण माझ्यापुरती. कच्छात मांडवीला कागद करताना मी म्हटलं, हा माझा धाकटा. नथू तोंड पाडून म्हणतो, "हां साहब, बडे भैया हैं. बहुत मारते हैं." बाहेर येऊन दोघं इतके हसलो. मग म्हणे, "चल दादा, आता भावाला जिलबी खाऊ घाल." मांडवीत बुरहानपुरासारखी माव्याची जिलबी मिळत नाही. साधीच खाल्ली.

ता. १६
कारकून होडीतून आला, मयताचा कागद घेऊन.
"बाप का नाम?" बाबांचं सांगितलं. भाऊ नाही म्हटलं तर खोट्या कागदावर आलो म्हणून याच गलबतातून मीही परत.
हा कागद कुठे जाणार, विचारलं. "बाप के पते पर. डाक से."
म्हणजे नथू मेल्याची खबर माझ्या बाबांना. नथूच्या आईला, गोदाकाकूला, काहीच नाही. ती दारात जरी गुंडाळत टपालवाल्याची वाट पाहणार. एवढं मनात येतंय तोच,
"माँ का नाम?"
"गोदाबाई."
त्याने माझा कागद काढला. "तेरी माँ तो सरस्वतीबाई लिखी है."
"बाप एक. माँ दो."
"अच्छा, दो शादी." लिहून टाकलं. वाळू टाकून शाई टिपली. मी सही केली.

ता. १७
रात्रभर काही वाटलं नाही. आज भात खाताना वाटलं.
कागद इंग्रजीत आहे. बाबांना इंग्रजी येत नाही. इंग्रजी कागद आला की पेढीवर मास्तरांना बोलावतात, आणि मास्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. गोदाकाकू, मुनीमजींची दुसरी बायको. काकू विधवा होऊन बारा वर्षं झाली. आई काय...
काकूला खबर मिळेल. ती अशी.

ता. २०
सुटलो. जमीन हलते असं वाटतं. मुंबईची आगबोट आजच चार वाजता. कागद तिच्यातूनच जाणार. बाबांना खरं काय ते लिहिलं, दोन पानं, त्याच बोटीने पोचावं म्हणून. टपालकचेरीच्या वाटेवर एक जण दरवाजा कोरत होता. चौकटीवर साखळी, कडी कडीत अडकवलेली. शेवटची कडी कशी बसवतो ते पाहू म्हटलं, मग जाऊ.
पोचलो तर टपालाची थैली बंद. शिपाई म्हणाला, पुढची बोट पंधरवड्याने, आली तर.

ता. २१
सेठच्या दुकानात निजतो. सेठ चांगले आहेत. सकाळी म्हणाले, "भाई, तुझा भाऊ वारला, ऐकलं. मुनीमजींनी कधी दुसऱ्या मुलाची गोष्ट काढली नाही."
मी फिरकी फिरवत होतो.
"बोल ना बेटा."
"लहान होता," म्हटलं.
दुपारी बाबांना लिहिलेलं पत्र फाडलं, ते पोचेस्तोवर कागद वाचून झालेला असणार. नवा कागद घेतला. "गोदाकाकूस," एवढं लिहिलं. मग आठवलं, काकूला वाचता येत नाही. हेही मास्तरच वाचणार.