सातवीच्या मापाची मॅट

ता. ९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे एवढंच म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. डॉक्टरांनी कंबरेसाठी रोज आसनं करायला सांगितलं आणि तुम्ही ती दुकानातल्या कापडं कापायच्या टेबलावर करताय, असं शेजारच्या गुरुजींनी कळवलं. टेबलावर! पडलात म्हणजे? आणि गिऱ्हाइकं काय म्हणत असतील?

मुकाट्याने एक मॅट घेऊन या. जाडी सहा मिलिमीटर. फार पातळ घेतलीत तर गुडघे बोलायला लागतील, गादीसारखी घेतलीत तर एका पायावर उभं राहताना तोल जाईल. तळहात दाबून पुढे ढकला, हात सरकला तर ती मॅट जागच्या जागी ठेवून द्या. रबराचा उग्र वास आला तर घरी दोन दिवस सावलीत पसरून ठेवा. लांबी उंचीपेक्षा वीतभर जास्त हवी. दुकानदाराच्या बोलण्याला भुलू नका. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तुमचाच नियम ना? मग मॅटवर स्वतः आडवं होऊन बघा. लाजायचं काही कारण नाही.

मी इस्पितळात दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांचे गुडघे वाकवते. काल एका आजोबांनी तुमच्यासारखेच दातओठ खात पाय उचलला आणि मला पुढचे आकडेच मोजता येईनात. रजेचं याही महिन्यात जमेलसं दिसत नाही. रागावू नका.

माया आहे तशीच असू द्यावी.
तुमची,
बुटकी

ता. १७ जून

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तुझा हुकूम पाळला. गुरुजींना सोबत घेऊन गेलो. दुकानदार रंग दाखवत बसला. मी म्हटलं, रंगाचं राहू दे, आधी उलटी बाजू दाखव. चाळीस वर्षं कापड चिमटीत धरून पाहिलंय, मला काय रंग दाखवतो! तळहात दाबला, ढकलला. तीन मॅट नापास केल्या. चौथीवर भर दुकानात आडवा झालो. गुरुजी ओळख नसल्यासारखे दाराकडे बघत उभे राहिले.

दुकानदाराकडे त्या मॅटची अख्खी गुंडाळी होती, हवी तेवढी कापून देतात. थान दिसलं की माझा हात शिवशिवतो, तुला ठाऊकच आहे. माझ्यापुरती कापून घेतली आणि मग तुझ्यासाठीही घेतली. तू आलीस की सकाळी शेजारी शेजारी घालू. तुझं माप वहीत होतंच, उंची चौपन्न इंच. वर वीतभर धरून त्रेसष्ट. दोन्हींच्या कडांना निळी पट्टी लावून टाकली. गुरुजी म्हणतात, मॅटला कोणी पट्टी लावतं का? म्हटलं, आम्ही लावतो.

रजेचं समजलं. नोकरी आहे, चालायचंच. तुझी आई गेल्यावर तुला वसतिगृहात ठेवलं तेव्हा मीच म्हणालो होतो, की मागे वळून बघायचं नाही. तू फारच मनावर घेतलंस गं. रोज सकाळी दोन्ही मॅट पसरतो. एकच घातली तर खोली मोठी वाटते.

पत्र पाठवत जा. तेवढ्यावर चाललंय.
तुझा,
बाबा

ता. २५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चौपन्न इंच! बाबा, ते सातवीतल्या गणवेशाचं माप आहे. त्यानंतर मी वसतिगृहात गेले, तयार कपडे घालायला लागले आणि तुमच्या वहीत माझं नवं माप चढलंच नाही. सुट्टीत येत होते तेव्हाही कधी टेपसमोर उभी राहिले नाही. तयार कपड्यांचाच तोरा होता मला.

पत्र वाचून इस्पितळातली टेप आणली, खोलीतल्या फरशीवर खडूने त्रेसष्ट इंचांची रेघ मारली आणि तिच्यावर आडवी झाले. टाचा बाहेर आल्या. मी पासष्ट इंच आहे. तिथेच पडून खूप रडले. तुम्ही रोज सकाळी बारा वर्षांच्या मुलीसाठी मॅट पसरताय, आणि ती मुलगी चार वर्षं घरी आलेली नाही.

एक खरं सांगते. रजा मिळत नाही हे अर्धंच खरं होतं. दोनदा मंजूर झालेली रजा मीच परत केली. निघायच्या दिवशी तुम्ही गळ्यात टेप घालून दुकानाच्या दारात उभे राहता आणि एक शब्द बोलत नाही. ते मला सोसत नाही. त्यापेक्षा न आलेलं बरं, असा शहाणपणा मी केला. चुकलंच माझं.

आता आठ तारखेचं तिकीट काढलंय. माझ्यासाठी आता नवी मॅट घेऊ नका. ऐकीव मापावर कात्री लावायची नाही, मी समोर येऊन उभी राहते.

भेटीपर्यंत जिवाला जपा.
तुमची,
बुटकी

ता. १ जुलै

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. नियम मोडला खरा. तू मोठी झालीस हे मला कळत नाही थोडंच? पण वही उघडली, तुझं नाव दिसलं आणि हात थांबला नाही.

गंमत ऐक. गुरुजींच्या हाती टेप देऊन मी स्वतःलाही मोजून घेतलं. दीड इंचाने कमी झालोय! माझीही मॅट जुन्या मापाचीच निघाली. तेव्हा लांब मॅट तुझी आणि आखूड माझी, टाचा बाहेर राहिल्या तर राहू देत. पट्टी उसवायलाही नको.

जाताना बोलेन, शब्द देतो. काय बोलायचं याची तयारी आत्तापासून करतोय. वहीत तुझं पान कोरं ठेवलंय. दारातच उभी राहा. आधी माप घेईन, मग आत ये.

वाट बघतो.
तुझा,
बुटका बाप