शेऱ्याच्या रकान्यातली प्रश्नचिन्हं

गुरुवार, १२ तारीख, दुपारचे चार

ताई, नमस्कार.

भावजींची सर्दी कशी आहे? त्यांना सांग, वाफ घेताना डोक्यावर टॉवेल घ्यायचा असतो, पेपर नाही. मी ठीक आहे.

येत्या सोमवारी तू गुडघ्याच्या ऑपरेशनला आमच्या हॉस्पिटलात येशील, तेव्हा पेनिसिलिन चालत नाही हे डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांग. दोनदा सांग. फाईलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नकोस.

का, ते मी काल फोनवर सांगणार होते. तुझा आवाज ऐकला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

जुन्या फायली नव्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही गं. प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि तोही नुसत्या शून्य नि एक यांत लिहिलेला. कुठली आकड्यांची पद्धत वापरायची, ते आपण निवडायचं. मी निवडली नुसत्या इंग्रजीची. त्यात आपली अक्षरं बसत नाहीत, म्हणून त्याने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. नावं, वयं इंग्रजीत होती, ती नीट दिसली, आणि मी सेव्ह केलं. डॉक्टरांचे शेरे, कोणाला कुठलं औषध चालत नाही वगैरे, मात्र आपल्या भाषेत होते. आता त्यातल्या सगळ्या अक्षरांचा एकच आकडा झालाय, त्रेसष्ट, म्हणजे प्रश्नचिन्हाचा. आधी काय होतं ते कोणालाच काढता येणार नाही. शनिवारी नेमाप्रमाणे राखीव प्रतीवरही मीच हे उतरवलं. कागद तर कधीच रद्दीत गेले. तीनशे चाळीस माणसं आहेत.

हे या सोमवारी लक्षात आलं.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. आज सकाळी वॉर्डातली नर्स आली. सात नंबरच्या आजोबांचं उद्या सकाळी ऑपरेशन. ते तापात बरळताहेत, सोबत कोणी नाही. तिने विचारलं, "शेऱ्यात नुसती प्रश्नचिन्हं का?" मी म्हणाले, "काही नसेल त्यात."

ती विश्वासाने निघून गेली.

तुला सावध करायला बसले होते. लिहिता लिहिता कळलं, मी फक्त आपलं माणूस वाचवत होते. नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील. पण मोठे डॉक्टर पाचला निघतात, आणि आता पावणेपाच झालेत. वर जाऊन सगळं सांगते.

रागावायचं असेल तर नंतर रागाव.

तुझी,
सकाळी खोटं बोललेली धाकटी