भावाने मुलीच्या मागे चालावे

मी, खाली सही करणारी, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त आणि अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या भावाला शंका येणारच.

१. कपाट, भांडी व शिलाई मशीन वहिनीने घ्यावे. ‘पोरीला कशाला रानोमाळ फिरवता’ असे तिने मला सुनावले होते, तरी घ्यावे. मी तेवढ्या कोत्या मनाची नाही. मशीनची सुई मात्र तिची तिने आणावी.

२. होकायंत्र, सगळे नकाशे व माझे चालायचे बूट भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. नकाशा आधी उत्तरेशी जुळवायचा, मग पाऊल उचलायचे, हे मी तिला टेकडीमागच्या जंगलात शिकवले. पोरगी झकास तयार झाली होती.

३. आता आमचे बंधुराज. गेल्या सुट्टीत माझा गुडघा धरला, म्हणून भाचीला घेऊन हे ते जंगल पार करायला निघाले. मी जंगलापलीकडच्या रस्त्यावर वाट बघत बसले. निघताना यांनी होकायंत्र ठेवले कुठे, तर गाडीच्या बॉनेटवर! भाची म्हणाली, “बाबा, लोखंडानं काटा फिरतो. गाडीपासून लांब धरा ना.”

“गप गं. मला माहीत आहे.”

संध्याकाळी दोघे भलत्याच बाजूने ट्रॅक्टरवर बसून आले. साहेब चिखलाने माखलेले, आणि वर तोंड करून मला म्हणतात, “ताई, तुझं होकायंत्र बिघडलंय.” बिघडलंय म्हणे! त्या दिवसापासून भाचीने होकायंत्राला हात लावलेला नाही. “मला नाही जमत गं, आत्या,” म्हणते. ते ऐकून माझा जीव तुटतो.

४. राहते घर भावाला, पण एका अटीवर. त्याने फोन घरी ठेवावा, ‘मला वाट दाखव’ असे मुलीला स्वतः म्हणावे, आणि तिच्या मागून ते जंगल पार करावे. ती चुकली तर चुकू द्यावी. चुकल्यावर ओळखीच्या खुणेपाशी परत कसे यायचे, तेही तिला येते. वाटेत ‘मला माहीत आहे’ असे त्याच्या तोंडून निघाले, तर घर भाचीचे.

निघाले की नाही, हे भाचीलाच विचारावे. ती सांगेल ते त्याने खरे मानावे. निदान या वेळी तरी.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
तारीख व सही: खाली, माझ्याच हातची

साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्य बाई
२. ट्रॅक्टरवाला. भावाने यांना ओळखले नाही, तर चिखलाची आठवण करून द्यावी.